धुतलेला द्रोण

ठकुबाईचा द्रोण गळत नसे. उकळती खीर ओता, ताक ओता, रामनवमीचं पानक ओता, खालचा तळहात कोरडाच राही. मी रंगभूमीवर राण्या झालो, गवळणी झालो, एका नाटकात तर साक्षात गंगामाई झालो. वाढवून सांगणं हा माझा धंदाच होता. पण द्रोणाचं हे मी शपथेवर लिहितो आहे.

आमची नाटक कंपनी बेळगाव, हुबळी, दावणगिरी करत बंगळूरला आली आणि इथेच मोडली. पडदे विकले, दागिन्यांच्या पेट्या विकल्या, मंडळी मिळेल त्या गाडीनं घरी गेली. मी गेलो नाही. चामराजपेटेत एका वठारात खोली घेतली आणि आसपासच्या मुलींना गाणं शिकवू लागलो. वठार म्हणजे एका अंगणाभोवती बसवलेली बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून एकच नळ. माझ्या समोरच्या खोलीत ठकुबाई राहत असे.

तिचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. "आम्ही फौजेबरोबर आलो, राणीसाहेब," ती मला सांगे. "तुमच्यासारखं तंबू घेऊन नाही." मला ती राणीसाहेबच म्हणायची. पहिल्या दिवशी मी नळावर कमरेला हात देऊन उभा राहिलो होतो, तेव्हापासून.

नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. मग तिनं पळसाची पानं हाताशी धरली. मागडीकडच्या बायका भारे घेऊन यायच्या. ठकुबाई ती पानं ओल्या फडक्याखाली दडपून ठेवी, देठ काढी, पानावर पान चढवून कड आत दुमडी आणि बांबूच्या बारीक काडीनं टाची. बाकीच्यांचा टाका सरळ असे, हिचा तिरका. त्या तिरकेपणातच पाणी अडत असावं. ताकवाला, फुलवाल्या, लोण्याची म्हातारी, मागच्या गल्लीतलं छत्र म्हणजे लग्नाचं कार्यालय, सगळे तिच्याकडूनच द्रोण आणि पत्रावळी नेत.

आमच्या वठारात तेव्हा फेकण्याजोगं असं काही नसेच. तेल आणायला गळ्याला दोरी बांधलेली घरची बाटली जाई. दुकानातून डाळ येई ती वर्तमानपत्राच्या पुडीत. पुडीचा दोरा रिळावर गुंडाळला जाई आणि कागद फळीवर अंथरला जाई. रॉकेलच्या डब्याची बादली होई, बादली फुटली की तुळस लावायची. एकच वस्तू अशी होती की जी एकदाच जगायची, ती म्हणजे ठकुबाईचा द्रोण.

"ओठ लागला की संपलं," ती म्हणे. "मग तो देवाचा असो की दिवाणाचा. गाईनं खावा."

त्यामुळेच तर भीमाचार्यांसारखा कडक सोवळ्याचा माणूस तिच्या द्रोणातून पानक पीत असे. वाळलेलं पान कुणाच्याही हातचं चालतं, वरून पाणी शिंपडलं की झालं. पण ते कोरं हवं. आचार्य संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झालेले, चामराजपेटेतल्या रामनवमीच्या मांडवात पहिला मान त्यांचा. त्या दिवशी गूळ, सुंठ, वेलदोडा, लिंबू घालून केलेलं पानक आणि भिजवलेल्या मुगाच्या डाळीची कोशिंबीर सगळ्या गावाला वाटायची, आणि त्याचे द्रोण ठकुबाईचे. त्या दिवसाचं ती काही घेत नसे. नवरा गेला त्या वर्षापासून ती तिची सेवा होती. पण त्या एका दुपारी सगळ्या पेटेच्या हातात तिचा द्रोण असे, आणि पुढं वर्षभर लोक तिच्याच दारात येत. देव आणि पोट दोन्ही तिनं त्या एका दिवसावर टेकवलं होतं.

मग चंद्राबाई आली. ठकुबाईची सासू, अथणीकडची. मुलगा गेल्यावर म्हातारी गावी एकटीच होती. लागोपाठ दोन-तीन वर्षं पाऊस पडला नाही, तेव्हा ठकुबाई स्वतः जाऊन तिला घेऊन आली. लोक म्हणाले, नवराच नाही तर सासू कशाला? ठकुबाई म्हणाली, "नवरा नाही म्हणून तर. तिच्याशी त्याच्याबद्दल बोलता येतं."

चंद्राबाईनं लहानपणी दुष्काळ काढलेला. भाताचं शीत जमिनीवर पडलं तर ती ते उचलून, पुसून तोंडात टाकी. या शहरानं तिला पहिला दणका दिला तो सोड्याच्या बाटलीनं. गुंडू हातगाडीवर गोळीसोडा विकायचा. त्यानं अंगठ्यानं गोळी आत दाबली, फट्ट आवाज झाला आणि म्हातारी दोन पावलं मागं सरली. मग पिऊन बघितलं, ढेकर आली, खूष झाली. आणि बाटली पदराखाली घेऊन निघाली.

"ए आज्जी!" गुंडू ओरडला. "बाटली, बाटली!"

"काय बाटली? प्यायले की मी."

"सोडा तुझा. बाटली माझी!"

"घेतली ना मी? मग?"

"अय्यो, आज्जी! परत गेली तरच उद्या यात सोडा भरणार ना मी. अशा सगळ्या आज्ज्या बाटल्या घेऊन गेल्या तर मी काय ओंजळीत सोडा विकू?"

गल्लीभर हसू झालं. ठकुबाईनं बाटली परत दिली आणि घरी आल्यावर सासूला नीट समजावलं: शहरात आतलं आपलं, बाहेरचं त्याचं. सोड्याची बाटली, तेलवाल्याचा डबा, दुधवाल्याची कासंडी, ज्याचं त्याच्याकडे परत गेलं पाहिजे. म्हातारीला हे फार पटलं. मला नळावर म्हणाली, "राणीसाहेब, हे शहर शहाणं आहे हो. आमच्या गावाला हे कळलं नाही."

मी मान डोलावली. म्हातारीनं हे किती मनावर घेतलं होतं हे मला कुठं ठाऊक होतं!

त्या वर्षी, सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल, मांडवाचा कारभार जयतीर्थ नावाच्या तरुणाकडे आला. बुशशर्ट घालायचा, सायकलवरून यायचा, पोरगा वाईट नव्हता. रामनवमीच्या आधी तो ठकुबाईच्या दारात आला तेव्हा ती तापानं फणफणली होती. बोटं सुजून केळफुलासारखी झालेली, काडी धरवत नव्हती.

"अक्का, तुम्ही आराम करा," जयतीर्थ म्हणाला. "या वर्षी काचेचे ग्लास आणतो. धुतले की पुन्हा चालतात. सगळ्या हॉटेलांत तेच आहे. पानं किती दिवस शिवणार?"

"द्रोण मिळतील," ठकुबाई पडल्या पडल्या म्हणाली.

"कमी पडले तर? माणसं ताटकळली की शिव्या मी खातो."

"कमी पडले तर पुढल्या वर्षीपासून आण तुझे ग्लास. मी तोंडातून ब्र काढणार नाही. सरी?"

"सरी, कबूल," तो म्हणाला.

चंद्राबाई कोपऱ्यात पानं पुसत होती. तिनं सगळं ऐकलं. सुनेची बोटं पाहिली, द्रोणांची चवड पाहिली. चवड लहान होती.

आता मांडव. नेहमीसारखी दुपार, आंब्याची डहाळी, उकाडा, तांब्याच्या हंड्यात पानक. मी मांडवात एक पद म्हणून नुकताच उतरलो होतो. ठकुबाई ताप उतरल्यामुळे येऊन द्रोणांपाशी बसली होती आणि चवड बघून जरा चकित दिसत होती, मी विचारलं तर म्हणाली, "तापात किती शिवले कळलंच नाही हो." चेहरा उजळला होता तिचा. म्हातारी शेजारी बसून हसत होती. मला वाटलं, द्रोण पुरल्याचा आनंद.

पहिला द्रोण भीमाचार्यांना. त्यांनी पाणी शिंपडलं, पानक घेतलं, डोळे मिटून रामाचं नाव घेतलं आणि एका दमात प्यायले. तोवर बाकीच्यांच्या हातातही द्रोण पोचले होते. मग डोळे उघडून रिकाम्या द्रोणात पाहिलं.

मी पुष्कळ नाटकांत विषप्राशन केलं आहे. भर सभेत केस मोकळे सोडून आक्रोश केला आहे. पण भीमाचार्यांचा तो चेहरा कुठल्याही नटाला जमणार नाही. ओठ उघडे, जबडा लोंबलेला, डोळे द्रोणाच्या दुमडीवर खिळलेले. त्यांनी नखानं काहीतरी उकरून वर धरलं.

भाताचं शीत होतं. शिजलेल्या भाताचं, वाळून कडक झालेलं, हळदीनं पिवळं.

"हे काय आहे?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

जयतीर्थ वाकून बघू लागला. "कण दिसतोय, आचार्य. पानकात पडला असेल..."

"पानकात भात घालतात का रे? हे दुमडीत होतं. टाक्याखाली." त्यांचा आवाज चढला. "हा द्रोण उष्टा आहे! कुणीतरी यात जेवलंय!"

सगळ्या मांडवानं एकदम आपापल्या हातातल्या द्रोणाकडे पाहिलं. मग एक बाई तोंडावर पदर धरून गटाराकडे धावली आणि तिच्या मागं बाकीच्या.

माझ्याही हातात द्रोण होता. मी तो उलटा करून पाहिला. कडेला हळदीचा पुसट डाग होता, आणि मी अर्धा प्यायलो होतो.

ठकुबाई उठली. आचार्यांपुढे जाऊन तिनं तो द्रोण लांबूनच पाहिला आणि पांढरी पडली.

"हा तुझा आहे का?" आचार्यांनी विचारलं.

कुणीही नाही म्हटलं असतं. बाजारात पानं शिवणाऱ्या का थोड्या होत्या? ठकुबाई म्हणाली, "टाका माझा आहे."

"मग यात भात कुठून आला?"

आणि त्या क्षणी मागून आवाज आला, खणखणीत, अभिमानानं भरलेला.

"छत्रातून! मीच आणले. मागं ढीग पडला होता, गाई तुडवत होत्या. सगळे माझ्या सुनेचे, टाक्यावरून ओळखले मी. बाटली परत येते तशी तिची वस्तू तिच्याकडे परत आणली. नळाखाली धुतले, दोनदा. उन्हात वाळवले. एकही कमी पडला नाही बघा!"

चंद्राबाई हात जोडून उभी होती. कौतुकाची वाट बघत. मग ती एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागली. तिचं हसू मावळायला किती वेळ लागला! त्या हसण्याकडे बघवेना म्हणून मी मान खाली घातली.

"आत्याबाई," ठकुबाई कशीबशी म्हणाली, "अहो, लोकांचे उष्टे..."

"धुतले की गं पोरी! आपण ताट धूत नाही?"

मग आरडाओरडा झाला. वर्षानुवर्षं हिनं हेच केलं असेल, असं कुणी म्हणालं. फुकट सेवा, म्हणूनच तर परवडते, असं दुसरं. ठकुबाईनं चवडीतला वरचा द्रोण उचलला आणि फाडला. मग दुसरा. कोरा कुठला, धुतलेला कुठला, बघितलंच नाही. सुजलेल्या बोटांनी ती फाडत राहिली, टाक्यांच्या काड्या तिच्या हातात रुतत राहिल्या, आणि शेवटचा फाडून झाल्यावर सासूचा हात धरून ती मांडवातून चालती झाली.

भीमाचार्य शुद्धीचं स्नान करायला घरी गेले. पंचगव्य घेतलं म्हणे, दोन दिवस जेवले नाहीत.

आणि त्यानंतर मी जे पाहिलं ते सांगतो, कारण धक्का मला त्याचाही बसला होता, फक्त थोडा उशिरा. हंडाभर पानक तसंच होतं. जयतीर्थानं सायकल पळवली आणि जवळच्या हॉटेलातून काचेचे ग्लास आणले. शेजारी एक बादली ठेवली. माणूस प्यायला की ग्लास बादलीत बुचकळायचा आणि पुढच्याला द्यायचा. हेच लोक! ज्यांनी घटकेपूर्वी गटारावर ओकाऱ्या काढल्या तेच रांगेत उभे राहून पीत होते. बादलीतलं पाणी गुळानं तपकिरी झालं, वर मुगाची डाळ तरंगू लागली, तरी त्यातच बुचकळत होते. काच चकाकत होती ना! मी हे संध्याकाळी ठकुबाईला सांगितलं.

"बादली एकच?"

"एकच."

"आमच्या म्हातारीनं निदान वाहत्या नळाखाली धुतले होते," ती म्हणाली आणि रडू लागली. तिला मी रडताना तेवढंच पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या दारात कुणी आलं नाही. ताकवाल्यानं ग्लास घेतले. छत्रवाल्यांनी दुसरीकडून पत्रावळी मागवल्या. मागडीच्या बायका भारा टाकून गेल्या तो तसाच वाळून चुरा झाला. चंद्राबाईला हळूहळू सगळं उमगलं असावं, कारण एका सकाळी ती बोचकं बांधून दारात बसली होती.

"कुठं निघालात?" ठकुबाईनं विचारलं.

"गावाला. माझ्यामुळं तुझा धंदा बसला."

"बसला तो बसला. आता मी एकटीनं बसू का त्याच्याशेजारी? आत या, भाकरी गार होतेय."

आणि मग एके दिवशी वठाराच्या दारात भीमाचार्य उभे राहिले. नळावरची बाई कळशी तशीच सोडून आत पळाली. मला वाटलं, आता हे शाप देणार. मी आपला दाराआड.

"ठकुबाई," ते म्हणाले, "उद्या वडिलांचं श्राद्ध आहे. द्रोण, पत्रावळी हव्यात."

ठकुबाई बघतच राहिली. "माझ्याकडून?"

"मग काय काचेच्या भांड्यात वाढू पितरांना? बाजारातल्यांचं काय सांगावं? कोण धुतं, कोण नाही, कुणाला ठाऊक? तुझं निदान उघड झालंय. तुझ्या घरात आता ते पुन्हा होणार नाही. शिव, मी इथं बसतो. माझ्या डोळ्यांदेखत शिव."

ते अंगणातल्या दगडावर पंचा टाकून बसले. ठकुबाई शिवू लागली. चंद्राबाई खांबाआडून म्हणाली, "आचार्य, एक विचारू? तुमच्या घरी लोणच्याची बरणी कुणाच्या काळची?"

"माझ्या आजीच्या."

"ती धुता?"

"धुतोच की."

"मग माझंच काय चुकलं हो?"

"अगं, ती घरातली!" आचार्य तडकले. "तिला गावानं तोंड लावलेलं नाही! आणि तू त्या पानांना हात लावू नकोस, लांब बस."

"लांबच आहे. डोळ्यांनी तर धूत नाही ना मी?"

ठकुबाई पुटपुटली, "आत्याबाई, गप्प," पण मला तिचे खांदे हलताना दिसले. आचार्यांनाही हसू आलं असावं. त्यांनी मिशी नसताना मिशीवरून हात फिरवला.

आचार्यांच्या श्राद्धाला ठकुबाईच्या पत्रावळी गेल्या हे कळल्यावर हळूहळू बाकीची घरं परतली. मांडव मात्र जयतीर्थाच्या हातात होता, आणि ग्लास त्यानं विकतच घेऊन ठेवले होते. पुढच्या रामनवमीला आचार्यांनी त्याला सरळ सांगितलं, "ज्या काचेत सगळ्या पेटेची तोंडं बुडाली त्यातून मी पानक घेणार नाही. पहिला मान दुसऱ्या कुणाला दे."

पहिला मान आचार्यांनी नाकारलेला मांडव कुणाला हवा होता? जयतीर्थ डोकं खाजवत ठकुबाईकडे आला. "अक्का, द्रोण द्या. पण लोकांची खात्री कशी पटवू? माझ्यावर येईल."

"प्यायला की फाडायचा," ठकुबाई म्हणाली. "प्रत्येकानं, तिथल्या तिथं, सगळ्यांदेखत. फाटलेला कोण धुणार?"

तसं मी माइकवरून जाहीर केलं, माझ्या सगळ्यात भारी आवाजात. आचार्यांनी पहिला द्रोण घेतला, उन्हाकडे धरून दुमड तपासली, प्यायले आणि टरकन फाडला. मग रांग सुरू झाली. टरकन, टरकन, सगळ्या मांडवात तोच आवाज. ठकुबाई रांगेच्या तोंडाशी उभी राहून द्रोण देत होती, पण तिचं लक्ष त्यात नव्हतं. कारण रांगेत चंद्राबाई होती.

म्हातारीनं पानक घेतलं, दोन्ही हातांत द्रोण धरून सावकाश प्यायली. पिऊन झालं. आणि ती तशीच उभी राहिली.

मागचे लोक थांबले. कुणीतरी कुजबुजलं, "बघा, घरी नेणार." जयतीर्थ चुळबुळ करू लागला. ठकुबाईचा चेहरा पुन्हा त्या दिवसासारखा उतरू लागला.

"चंद्राबाई," आचार्य म्हणाले, "लोक बघतायत."

"बघू द्या," ती म्हणाली. तिनं द्रोण उलटा केला, तिरक्या टाक्यावरून अंगठा फिरवला. कुठं डाग नव्हता, कुठं चीर नव्हती. तिनं सुनेकडे पाहिलं. मग डोळे घट्ट मिटले आणि फाडला.

डोळे उघडून ती हातातल्या दोन तुकड्यांकडे बघत राहिली. आमच्यापैकी कुणाला गेल्या वर्षी जेवढा धक्का बसला नसेल तेवढा तिच्या चेहऱ्यावर होता.

"अरे देवा," ती म्हणाली, "नवा होता हो."